एका चुलीचा भत्ता

दि. ४ मार्च

चि. भिंगरी हिस,

हे पत्र लिहिणारा मी तुझा बाप आहे. वय वर्षे पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि गेल्या वर्षी बंद पडलेल्या छापखान्याचा लेखापाल. हे सगळे तुला ठाऊक आहे. तरीही लिहितो, कारण तू माझे फोन उचलत नाहीस, आणि जिथे ओळख धरली जात नाही तिथे ती आधी करून द्यावी हा माझा शिरस्ता आहे. पत्राचा हेतू एकच. तुझ्या आईने भत्ता कार्यालयात केलेला अर्ज तिने मागे घ्यावा, असे तू तिला सांगावेस.

वस्तुस्थिती अशी. छापखाना बंद झाला आणि त्याच सुमारास इस्पितळाच्या धुलाईघरात कपडे पिळून तुझ्या आईची मनगटे गेली. तेव्हापासून आपले घर कुटुंब निर्वाह भत्त्यावर चालते. हा भत्ता माणसाला मिळत नाही, घराला मिळतो, आणि घराच्या वतीने तो एका खात्यात जमा होतो. ते खाते माझे आहे, कारण अर्ज मी भरला होता. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला हवे असल्यास आपला वाटा स्वतःच्या खात्यात मागता येतो, अशी नियमात एक तरतूद आहे. ही तरतूद ज्यांच्या घरी मारहाण होते, नवरा पैसे उडवतो, अशांसाठी असावी असा माझा समज होता. आपल्या घरी यातले काहीही नाही. मी पान खात नाही, विडी ओढत नाही, पत्त्यांना शिवत नाही.

कार्यालयाची नोटीस आली तेव्हा तुझी आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"हे काय आहे?" मी विचारले.

"वाचता येतं की तुम्हाला. पदवीधर आहात."

"काय कमी पडलं तुला या घरात?"

"काही नाही."

"मग?"

"बसला सुटे पैसे मागायचा कंटाळा आला."

एवढ्यावरून कोणी सरकारदरबारी जात नाही, म्हणून यामागे तू आहेस असे मी धरून चालतो. तिला तो अर्ज भरता आला नसता. आला असता, तर तिने तो मला तपासायला दिला असता.

तू मागच्या खेपेस भांडून गेलीस ती दाताच्या विषयावरून. त्याचाही खुलासा इथेच करतो. दंतवैद्याने दोन दर सांगितले. दात वाचवण्याचा खर्च तो काढण्याच्या खर्चाच्या सातपट होता. महिन्याचे आठ दिवस उरले होते आणि वीजबिल यायचे होते. मी काढायला सांगितले. तुझ्या आईच्या तोंडात त्या वेळी कापूस होता, त्यामुळे तिचे मत विचारता आले नाही. आकडेमोडीत चूक नव्हती. तू कागद घेऊन ती पुन्हा करून पाहावीस.

अर्जावर माझे म्हणणे मांडण्यास मला मुदत आहे. मी हरकत घेतली आहे. हरकतीचा निकाल लागण्याआधी तिने अर्ज मागे घेतला तर सगळ्यांचाच त्रास वाचेल.

तुझा,
बाबा
ठिकाण: घर, बाहेरची खोली
दि. ४ मार्च


दि. २१ मार्च

चि. भिंगरी हिस,

तुझे उत्तर नाही. तुझ्या आईला तुझे फोन येतात. ती स्वयंपाकघराचे दार ओढून घेते आणि मग बोलते. कोण काय बोलते याच्याशी मला कर्तव्य नाही. मी केवळ निकाल कळवतो.

माझी हरकत फेटाळली गेली. भत्ता कार्यालयाच्या तपासनीस बाई आहेत, वयाने तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी आम्हा दोघांना फोनवर वेगवेगळे ऐकून घेतले. माझे बोलणे बराच वेळ चालले. तुझ्या आईचे दोन मिनिटांत संपले. नंतर बाई मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पैसे नीट वापरता यात शंकाच नाही. पण त्यांना मिळतात का, एवढंच मी विचारलं होतं."

पुढच्या महिन्यापासून निम्मे माझ्या खात्यात, निम्मे तिच्या.

मी त्या संध्याकाळी तुझ्या आईला सांगितले की तत्त्व एकदा मान्य झाले की ते अर्धवट राबवता येत नाही. पैसे निम्मे, तर सगळेच निम्मे.

"चालेल," ती म्हणाली.

"म्हणजे सगळंच. किराणा, साबण, गॅस. फ्रिजसुद्धा."

"फ्रिज कसा निम्मा करणार? करवत आणणार?"

"पट्टी लावणार."

"लावा. सरळ लावा म्हणजे झालं."

मी लाल चिकटपट्टी आणली आणि फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यात मधोमध लावली. फडताळातल्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. माझ्या डब्यांवर "पक्ष एक", तिच्या डब्यांवर "पक्ष दोन". मीठ, साखर, तेल, कांदे, बटाटे, काडेपेट्या. शेगडी दुपारी बारापर्यंत तिची, नंतर माझी. ती स्टुलावर बसून बघत होती.

"मी दुसरा पक्ष का?"

"भत्त्याच्या कागदावर माझं नाव आधी आहे म्हणून."

"बरं. मिठालाही पक्ष असतो हे आजच कळलं. चुकून तुमचं घातलं तर काय, दंड?"

मी मिठाच्या डब्यावरची चिठ्ठी दाबून बसवली. तिने त्या वेळी तोंडावर हात धरला होता. दात गेल्यापासून ती हसताना तसा हात धरते, त्यामुळे ती खरोखर हसत होती की नाही हे खात्रीने सांगता येत नाही.

तुझा,
बाबा
ठिकाण: घर, बाहेरची खोली
दि. २१ मार्च


दि. १८ एप्रिल

चि. भिंगरी हिस,

नवी व्यवस्था सुरळीत चालू आहे. तुझ्यापर्यंत दुसरा काही वृत्तांत पोचला असल्यास तो एकतर्फी समजावा.

मी स्वतःपुरता स्वयंपाक करू लागलो आहे. उकडलेली अंडी, पाव आणि बटाटे यांवर माणूस उत्तम राहू शकतो. तुझ्या आईचे जेवण सकाळी होते आणि त्याचा वास बाहेरच्या खोलीत येतो. वासाची विभागणी करता येत नाही, ती मी सोडून दिली. परवा तिने माझ्या टेबलावर एक झाकलेली वाटी ठेवली. मी ती पट्टीपलीकडे, तिच्या कप्प्यात ठेवून दिली.  तेव्हापासून वाटी आलेली नाही.

काही बाबी नोंदवण्याजोग्या आहेत. एक, तुझी आई दर बुधवारी दुपारी बाहेर जाते आणि दोन तासांनी परत येते. कुठे, ते मी विचारत नाही. तिचे पैसे माझ्या कक्षेत येत नाहीत, आणि तिचे बुधवार तर कधीच येत नव्हते. तू तिला विचारू शकतेस. मला कळवलेच पाहिजे असे नाही.

दुसरी बाब चहाची. सकाळचा चहा अजून एकाच पातेल्यात होतो. जो आधी उठतो तो टाकतो आणि दुसऱ्याचा झाकून ठेवतो. वाटणी केली त्या दिवशी चहाचा डबा शेगडीजवळ होता, फडताळात नव्हता, म्हणून तो राहून गेला. नंतर त्याच्यावर चिठ्ठी लावावी असे मनात आले होते, पण एकाच डब्यावर दोन चिठ्ठ्या कशा लावणार, आणि एकच लावायची तर कोणाची, या विचारात ते मागे पडले. चहापूड मीच आणून भरतो. तुझ्या आईला ती कुठून येते याचा पत्ताही नाही. तिने कधी विचारले नाही, मी सांगितले नाही. हा खर्च मी माझ्या हिशेबात मांडलेला नाही. इतक्या लहान रकमेसाठी वेगळे खाते उघडणे शहाणपणाचे नव्हे.

एक मात्र खरे, चहापुडीचे पाकीट हल्ली पूर्वीच्या दुप्पट दिवस पुरते. माझा तर्क असा की ती चहा पातळ करते. चवीवरून तसे जाणवत नाही.

काल मी तिला सहज विचारले, "पैसे पुरतात का?"

"कुणाचे?"

"तुझे."

"माझे ना? मग मला पुरतात," ती म्हणाली आणि तिच्या वाटणीच्या कांद्यांमधला कुजका शोधू लागली.

तुझा,
बाबा
ठिकाण: घर, बाहेरची खोली
दि. १८ एप्रिल


दि. ५ मे

चि. भिंगरी हिस,

एक अडचण उद्भवली आहे. तिचे स्वरूप तुला नीट समजावे म्हणून क्रमाने लिहितो.

ज्या घरात भत्त्याची विभागणी होते तिथे महिन्याभराने कार्यालयाचा माणूस येऊन पाहणी करतो. काल त्याच तपासनीस बाई आल्या. हेल्मेट काखेत, गळ्यात ओळखपत्र. मी त्यांना खुर्ची दिली. तुझ्या आईने पाणी दिले. बाईंनी सहज म्हणून स्वयंपाकघरात डोकावून पाहिले आणि तिथेच थांबल्या.

"हे पक्ष एक, पक्ष दोन काय आहे?"

मी व्यवस्था समजावून सांगितली. खरे सांगायचे तर मला वाटले होते की त्यांना ती आवडेल. त्यांनी फ्रिज उघडला, पट्टीवरून बोट फिरवले आणि फोनने त्याचा फोटो काढला. मग शेगडीच्या वेळांचा कागद वाचला. त्याचाही फोटो काढला.

"साहेब, हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो. अचूक आहे. मोजून बघा."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मी पाच वर्षं घरं तपासतेय. भांडून वेगळी झालेली माणसंसुद्धा इतकी वेगळी नसतात. आता मला सांगा, हे घर एक आहे की दोन?"

भत्त्याच्या नियमात घर म्हणजे भिंती नव्हेत. घर म्हणजे एक चूल. म्हणजे एकत्र घेतलेले आणि एकत्र खाल्लेले अन्न. नवरा-बायको एका छताखाली असूनही चुली दोन असतील, तर ती दोन घरे. मग जोडप्याचा भत्ता बंद होतो आणि दोघांना एकट्याचा भत्ता लागू होतो. परंतु भाड्याची मदत एका पत्त्यावर एकाच घराला मिळते. म्हणजे दुसऱ्याने दुसरीकडे जायचे. ज्याने विभागणी मागितली त्याला कार्यालय स्वतः खोली मिळवून देते.

"म्हणजे मला?" तुझ्या आईने विचारले.

"हो, मावशी. नदीकडच्या वसतिगृहात खोल्या आहेत. स्वच्छ आहेत. स्वतंत्र किल्ली मिळते."

तुझी आई "अच्छा" म्हणाली. एवढेच.

घर एकच आहे असे म्हणायचे असेल, तर रोजच्या खाण्यापिण्यातली एक तरी वस्तू दोघांच्या पैशांनी आलेली आणि दोघांच्या वापरातली दाखवावी लागेल. सतरा तारखेला दोघांनी कार्यालयात येऊन सांगायचे आहे.

बाई गेल्यावर मी पट्टी काढायला घेतली. तुझी आई दारात उभी होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता का काढताय? फोटो गेले."

"नीट निघाली नाही तर डाग राहतो."

"मग तर राहूच द्या."

तिला सतराला काय सांगायचे आहे, हे मी विचारले नाही. तू विचारलेस तर चालेल.

तुझा,
बाबा
ठिकाण: घर, बाहेरची खोली
दि. ५ मे


दि. १२ मे

चि. भिंगरी हिस,

दोन महिन्यांत तुझे पहिले उत्तर मिळाले. ते एका ओळीचे आहे: "बाबा, तुम्हाला काय हवंय ते सांगा, नियम नको." पत्राला मायना नाही आणि खाली सही नाही, परंतु अक्षर तुझे आहे.

तुझ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आकडे देणे आवश्यक आहे, कारण आकडे माहीत नसताना दिलेला सल्ला हा सल्ला नव्हे.

जोडप्याला शंभर मिळतात असे धर. त्यातले पन्नास आता तुझ्या आईचे आहेत. एकट्याला साठ मिळतात. म्हणजे ती एकटी राहिली तर तिला दर महिन्याला दहा जास्त मिळतील. खोलीचे भाडे कार्यालय भरेल. वीज आणि पाणी भाड्यातच येते. इथे ती यांचे निम्मे देते. हे मी तीन वेळा मांडून पाहिले आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले. तिने जावे, हे तिच्या फायद्याचे आहे. मी हा हिशेब एका कागदावर स्वच्छ लिहून तिच्या बाजूच्या फडताळात ठेवला आहे. तिने तो पाहिला, कारण आज त्यावर बटाटे ठेवलेले होते.

नदीकडे मला एक काम होते म्हणून गेलो असता वाटेत ते वसतिगृह लागले. राखणदाराने एक रिकामी खोली दाखवली. दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला कठडा आहे, पण एकाच बाजूला. उतरताना तो उजव्या हाताला येतो, आणि तुझ्या आईचे उजवे मनगट जास्त दुखते. खिडकी पूर्वेकडे उघडते. भिंतीला ओल नाही; मी कपाट सरकवून पाहिले. नळाची चावी फार घट्ट होती. राखणदाराला मी ती सैल करून घ्यायला सांगितले. तो म्हणाला, "कोण येणार आहे राहायला?" मी सांगितले की अजून ठरलेले नाही. खोलीत एक खाट, एक टेबल आणि एक खुर्ची आहे. खोली चांगली आहे. त्यात दोष काढण्याचा मी प्रयत्न केला हे खरे, पण नळाखेरीज काही सापडले नाही.

आता सामायिक वस्तूचा प्रश्न. मी घरातली प्रत्येक वस्तू तपासली. जे दोघे वापरतो ते दोघांच्या पैशांनी आलेले नाही, आणि जे दोघांच्या पैशांनी आले ते मी वाटून टाकले आहे. चहा दोघे पितो, परंतु पूड मी भरतो, म्हणून ती निकषात बसत नाही. खोटी पावती करणे सहज शक्य आहे. तुझ्या बापाने ते छापखान्याच्या मालकासाठी केले नाही, स्वतःसाठीही करणार नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पत्रात देतो. या कागदावर आता जागा उरलेली नाही.

तुझा,
बाबा
ठिकाण: घर, बाहेरची खोली
दि. १२ मे


दि. १८ मे

चि. भिंगरी हिस,

काल कार्यालयात जे घडले ते तुझ्या आईने तुला फोनवर सांगितले असेलच. दोन्ही वृत्तांत ताडून पाहता यावेत म्हणून माझाही पाठवतो.

आम्ही एकाच बसने गेलो. तिकिटे आपापली काढली. तिच्याकडे सुटे पैसे होते, माझ्याकडे नव्हते. वाहकाने माझ्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा तिने माझे तिकीट काढले आणि म्हणाली, "घरी गेल्यावर द्या." मी मान्य केले.

तपासनीस बाईंच्या टेबलावर फ्रिजचा फोटो होता. कागदावर तो जरा जास्तच लाल दिसत होता.

"साहेब, आधी तुम्ही. घर एक की दोन?"

मी दोन्ही पर्यायांचा तौलनिक तक्ता करून नेला होता. तो पिशवीतून काढू लागलो.

"तक्ता नको. एका शब्दात सांगा."

"एक," मी म्हणालो.

"आधार?"

"आधार नाही."

"काहीच नाही? दूध? भाजी?"

"दूध ती घेते, मी घेत नाही. भाजी वेगळी. मी खोटं सांगणार नाही, बाई. नियमाप्रमाणे पाहिलं तर दोन घरं ठरतात. तुम्ही मला विचारलंत म्हणून मी एक म्हटलं."

बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि तुझ्या आईकडे वळल्या. "मावशी, तुम्ही बोला. आणि घाईने बोलू नका. दोन म्हणालात तर खोलीची किल्ली या महिन्यातच मिळेल. पैसेही जास्त मिळतील."

"माहितीये. यांनी लिहून दिलंय. बटाट्यांखाली आहे," तुझी आई म्हणाली. "मला आधी एक सांगा. एक म्हटलं, तर माझे पैसे परत यांच्या खात्यात जाणार का?"

"नाही. विभागणी कायम राहणार."

"हे म्हणाले तरी?"

"ते म्हणाले तरी. तुम्ही स्वतः सांगेपर्यंत."

"लिहून देता?"

बाईंनी तिथल्या तिथे लिहून, शिक्का मारून दिले. तुझ्या आईने ते वाचले. सावकाश, दोनदा वाचले, घडी घातली आणि आपल्या पाकिटात ठेवले. मला तपासायला दिले नाही.

मग ती म्हणाली, "चहा लिहा."

"चहा?"

"चहापूड. एका डब्यातली, एका पातेल्यात. दोघं पितो. पैसे माझे. पाकीट मी आणते, डबा हलका लागला की भरते. यांना पत्ताही नाही. कधी विचारलं नाही यांनी, मी सांगितलं नाही. उगाच त्यावरही चिठ्ठी डकवतील."

"चहापूड मी भरतो," मी म्हणालो.

"तुम्ही कधी भरता?"

"डबा अर्ध्यावर आला की. तू बाहेर गेलीस की भरतो. बुधवारी."

"आणि मी तुम्ही अंघोळीला गेलात की भरते."

तपासनीस बाई काही वेळ आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. "म्हणजे दोन महिन्यांत तो डबा कधी रिकामा झालाच नाही?"

"नाही," तुझी आई म्हणाली.

"आणि साहेब, तुम्ही लेखापाल. तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हणालो. "मला वाटलं, ही चहा पातळ करते."

"मी?" तुझी आई म्हणाली. "मी पातळ करते? उलट मला वाटत होतं, हे पूड कमी टाकतात, काटकसरी माणूस! म्हणून मी माझ्या पाळीला चमचाभर जास्त टाकायची!"

बाई मोठ्याने हसल्या. शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून पाहू लागला. तुझी आईही हसली, तोंडावर हात धरून. मग बाईंनी फोटोच्या खाली लिहिले: चहा सामायिक, खर्च उभयतांचा. रकान्यात "एक" असा आकडा घातला आणि आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. तुझ्या आईची सही आधी घेतली.

जिन्यावरून उतरताना मी तिला म्हणालो, "तुझं दर महिन्याला दहाचं नुकसान झालं."

"हिशेब मलाही येतो."

"मग?"

"मग काय? शिक्का मिळाला ना माझा. किल्ली नंतरही मागता येते, मी विचारून घेतलंय त्यांना. आणि तिकिटाचे पैसे द्यायचे आहेत तुम्ही."

घरी आल्याबरोबर मी ते दिले.

तुझा,
बाबा
ठिकाण: घर, बाहेरची खोली
दि. १८ मे


दि. ३१ मे

चि. भिंगरी हिस,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. कार्यालयात एका शब्दात दिले, ते तुला कळले असेल. त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही.

कालचा बुधवार तेवढा कळवतो. तुझी आई निघताना म्हणाली, "आज तुम्ही पण चला." मी कुठे असे विचारले नाही. आम्ही त्याच दंतवैद्याकडे गेलो. तिथल्या मुलीने तुझ्या आईला नावाने हाक मारली आणि खुर्ची पुसून दिली. त्यावरून तिचे बुधवार कुठे जात होते हे मला समजले. दाताच्या रिकाम्या जागी नवा दात बसवायचे काम चालू होते. ती दर आठवड्याला थोडेथोडे पैसे भरत आली होती.

"निम्मे मी भरलेत," ती म्हणाली. "उरलेले निम्मे तुमचे."

मी पाकीट काढले आणि सांगितले की सगळे मीच देतो. तिने भरलेले तिला परत घेता येतील. माझ्याजवळ तेवढे साठलेले होते. अंड्यांवर राहणारा माणूस बराच शिल्लक टाकतो.

"सगळे नकोत," ती म्हणाली. "निम्मे. एक पैसाही जास्त नाही."

"पण मी देतोय ना."

"तेच तर नकोय. गेला तो तुमच्या एकट्याच्या म्हणण्यानं गेला. येईल तो दोघांच्या पैशांनी येईल."

दंतवैद्य खाली पाहून आपली हत्यारे लावत होता. मी निम्मे मोजून दिले. तिने ते स्वतः पुन्हा मोजले आणि त्याला दिले. मग खुर्चीत बसली. वैद्याने रंगाचे दोन नमुने तिच्या दातांशी धरले, आणि सवयीने माझ्याकडे वळून विचारले, "कुठला बसवू?"

तुझ्या आईच्या तोंडात त्या वेळीही कापूस होता.

"थांबा," मी म्हणालो. "आधी कापूस काढा."

त्याने कापूस काढला. तिने आरसा मागितला, दोन्ही नमुने खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिले आणि डावीकडचा निवडला. मला उजवीकडचा बरा वाटला होता.

फ्रिजमधली पट्टी आहे तशीच आहे. ती काढायची की नाही हा निर्णय आता माझ्या एकट्याचा नाही, आणि दुसऱ्या पक्षाने अद्याप काही म्हटलेले नाही. मात्र आज सकाळी ती झाकलेली वाटी पुन्हा माझ्या टेबलावर होती. मी ती परत ठेवली नाही. पलीकडच्या खुर्चीवर बसून ती पुढच्या बुधवारी दात बसला की काय काय खाता येईल याची यादी सांगते आहे, आणि सांगताना हसते आहे. हात टेबलावर आहेत, दोन्ही. चहा निवत चालला आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
बाबा
ठिकाण: घर, स्वयंपाकघर
दि. ३१ मे